मॉडेलची हरकत नाही, मग तुमची का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला नीट कळलाय की नाही ते तुम्हालाही दिसेल. तुमची प्राण्यांसाठी काम करणारी छोटी संस्था आहे. मांसाहार सोडा, असं सांगणाऱ्या मोहिमेसाठी एका ओळखीच्या डिझायनरने फुकटात पोस्टर करून दिलंय. एक तरुणी, अंगावर जेमतेम कपडे, कुशीवर आडवी झालेली, आणि खाटकाकडच्या तक्त्यावर असतात तशा तुटक रेषांनी तिच्या शरीराचे भाग पाडलेले. तुम्ही आणि आणखी एका सहकारी बाईंनी हरकत घेतली, तेव्हा बैठकीत तीन उत्तरं आली. मॉडेलची स्वतःची संमती आहे. 'पेटा' ही प्राणिहक्कांसाठी लढणारी मोठी संस्था वर्षानुवर्षं हेच करते आणि जगभर गाजते. आणि तुम्ही दोघी कधीपासून संस्कृतिरक्षक झालात? आपली हरकत खरंच जुनाट आहे का, आणि नसेल तर ती मांडायची कशी, हे तुम्हाला हवंय.

मी मुंबईत बरीच वर्षं जाहिरातीची कॉपी, म्हणजे मजकूर, लिहिला. आता मुख्यतः सामाजिक संस्थांच्या मोहिमा करते, त्यांत प्राण्यांच्या संस्थाही असतात. म्हणजे मी तुमच्याच बाजूची आहे, आणि दहा हजार रुपयांत दहा लाखांचा गाजावाजा करून द्या म्हणणारे विश्वस्त मला चांगले परिचयाचे आहेत. पोस्टर मी पाहिलेलं नाही. चेहरा कसा आहे, नजर कुठे आहे, प्रकाश कुठे पडलाय, वर ओळ काय लिहिलीय, यावर बरंच ठरतं. पोस्टर कॉलेजच्या आवारात लागणार की एसटी स्टँडवर, की फक्त इन्स्टाग्रामवर फिरणार, यावरही. तरी तुमच्या वर्णनावरून ते कुठून उचललंय ते लगेच कळलं, आणि तेवढ्यावर पुष्कळ बोलता येईल.

बैठकीत तुमची गाडी घसरली याचं कारण असं की चार वेगळे प्रश्न एकाच प्रश्नात कोंबले गेले. हे अश्लील आहे का? मॉडेलची संमती आहे का? याचा उपयोग होतो का? आणि यात बाईची वस्तू केलीय का? तुमची हरकत चौथ्या प्रश्नाची आहे. समोरचे पहिल्या तिन्हींची उत्तरं देऊन मोकळे झाले.

अश्लीलतेचा मुद्दा आधी बाजूला काढू, कारण आपल्याकडे सगळी चर्चा तिथेच अडकते. १९९५ची 'टफ' बुटांची जाहिरात तुमच्यातल्या वयाने मोठ्यांना आठवत असेल. मधू सप्रे आणि मिलिंद सोमण, पायात बूट, दोघांभोवती अजगर, बाकी काही नाही. मुंबईत खटला उभा राहिला आणि तब्बल १४ वर्षांनी, २००९मध्ये, सगळे सुटले. अजगर वापरल्याबद्दल वन्यजीव कायद्याखालीही प्रकरण झालं होतं. त्या काळात कुणाशीही बोला, वाद एकच: किती उघडं चालतं आणि किती नाही. बूट विकायला दोन माणसांची शरीरं आणि एक जिवंत साप सजावटीला का लागावेत, हे विचारणारे फार थोडे होते. आपला कायदाही याच बाजूने विचार करतो. स्त्रियांच्या असभ्य चित्रणावर बंदी घालणारा १९८६चा कायदा आला तो स्त्री-संघटनांनी जाहिरातींविरुद्ध आवाज उठवल्याच्या वातावरणात, पण त्याची भाषा अश्लीलता, नीतिमत्ता, अध:पतन हीच राहिली. त्यामुळे तुम्ही हरकत घेतली की ऐकणाऱ्याला आपोआप पोलीस आणि पदर आठवतो.

उघडं शरीर हाच गुन्हा असेल तर १५ जुलै २००४ला इंफाळमध्ये कांगला किल्ल्याच्या दारात जे घडलं त्याचं काय करायचं? एका तरुणीवरच्या अत्याचार आणि हत्येच्या निषेधासाठी मणिपूरच्या १२ स्त्रियांनी, घरच्या आई-आजी असलेल्या स्त्रियांनी, स्वतःचे कपडे उतरवले आणि सैन्याला जाब विचारला. त्या बायकांना कुणीही वस्तू म्हणून बघू शकलं नाही. बोलत त्या होत्या, आणि विषयही बाईच्या शरीराशी काय केलं गेलं हाच होता. बैठकीत कुणी तुम्हाला सोवळं म्हणालं तर हे उदाहरण समोर ठेवा. तुमचा मुद्दा कपड्यांच्या मापाचा नाही हे एका वाक्यात कळेल.

मग वस्तू करणं म्हणजे नेमकं काय? अमेरिकी तत्त्वज्ञ मार्था नुसबॉम यांनी १९९५मध्ये त्याची सात लक्षणं मांडली, आणि मला ती कामात सगळ्यात उपयोगी पडतात. माणसाला निव्वळ साधन म्हणून वापरणं. त्याला स्वतःची इच्छा नाही असं धरून चालणं. त्याला निष्क्रिय समजणं. एकाच्या जागी दुसरं आणलं तरी चालेल असं मानणं. त्याला मोडायला-तोडायला हरकत नाही असं वागणं. तो कुणाच्या तरी मालकीचा आहे, विकता-घेता येतो, असं समजणं. आणि त्याला काय वाटतं याचा विचारच न करणं. तत्त्वज्ञ रे लँग्टन यांनी पुढे आणखी तीन जोडली: माणूस म्हणजे केवळ शरीर, माणूस म्हणजे केवळ रूप, आणि त्याला बोलता येतच नाही अशा थाटात त्याला दाखवणं.

ही यादी बैठकीत मोठ्याने वाचा, फक्त 'माणूस' काढून 'कोंबडी' घाला. ब्रॉयलर शेडचं याहून नेमकं वर्णन तुमच्या संस्थेच्या माहितीपत्रकातही नसेल. साधन, निष्क्रिय, एकीच्या जागी दुसरी, तोडायला हरकत नाही, मालकीची, वाटण्याचा प्रश्नच नाही. तुमची संस्था ज्या वागणुकीविरुद्ध उभी आहे ती हीच. आणि तीच वागणूक पोस्टरवर एका बाईला देऊन तुम्ही लोकांना सांगणार की प्राण्यांना असं वागवू नका. इथे बाकीच्या जाहिरातींपेक्षा आपली जबाबदारी वेगळी होते. साबणवाल्याने उघडी बाई दाखवली तर ते वाईट असेल, पण त्याच्या साबणाचं म्हणणं त्याने खोटं पडत नाही. आपलं पडतं.

आता 'पेटा'कडे येऊ, कारण तुमचं पोस्टर तिथूनच आलंय. संस्था १९८०ची, अमेरिकेतली. भारतात २००० पासून. 'फर घालण्यापेक्षा उघडी राहीन' ही त्यांची मोहीम १९९०च्या आसपास सुरू झाली. 'द गो-गोज' हा गाणाऱ्या मुलींचा बँड सुरुवातीच्या पोस्टरवर होता, मग सुपरमॉडेल आल्या. मी या मोहिमेवर टीका करणार आहे, पण आधी तिचं श्रेय देते. मूळ ओळीला तर्क होता. विषय कातडीचा, आणि वाक्य बोलणारी व्यक्ती म्हणते की दुसऱ्याची कातडी पांघरण्यापेक्षा मी माझ्याच कातडीत बरी. नग्नता वाक्यातूनच येते आणि बोलणारी तीच असते. शिवाय त्याआधी काय चालत होतं तेही पाहा. १९८०च्या दशकात ब्रिटनमध्ये छायाचित्रकार डेव्हिड बेली यांनी टिपलेलं फरविरोधी पोस्टर गाजलं होतं. उंच टाचांच्या बुटांतले बाईचे पाय, मागे फरफटणारा कोट आणि रक्ताची रेघ. ओळीचा आशय असा की कोट बनवायला ४० पर्यंत मुकी जनावरं लागतात, घालायला मात्र एकच पुरतं. म्हणजे जनावर ती बाई. सापळे लावणारे, फार्म चालवणारे, व्यापार करणारे, भेट म्हणून कोट विकत घेणारे नवरे, सगळे चित्राबाहेर. त्या मानाने पेटाच्या पहिल्या पोस्टरवरच्या बाया निदान बाजू घेऊन उभ्या होत्या.

गाडी पुढे घसरली. पोस्टरवरची उघडी तरुणी फरपुरती राहिली नाही, ती संस्थेची ओळखच बनली. भाजीपाल्याचा प्रचार असो, सर्कस असो, चामडं असो, उत्तर एकच. आपल्याकडे शिल्पा शेट्टी वाघिणीच्या रूपात पिंजऱ्यात बसलेली दिसली. २००९मध्ये अंतर्वस्त्रांतल्या मुली भाज्यांशी लाडीगोडी करताहेत अशी जाहिरात सुपर बोलच्या, म्हणजे अमेरिकी फुटबॉलच्या अंतिम सामन्यासाठी पाठवली, 'एनबीसी' वाहिनीने ती नाकारली. त्या वर्षी तिथे ३० सेकंदांचा भाव साधारण ३० लाख डॉलर होता. नाकारलेली जाहिरात मात्र बातमी म्हणून सगळीकडे फुकट फिरली. या धंद्यातल्या माणसाला यातली हुशारी लगेच कळते आणि मी ती नाकारत नाही. पैसा नसलेल्या संस्थेला वाद हेच माध्यम परवडतं.

पण धक्क्याला दरवर्षी वाढीव मात्रा लागते. त्याच २००९ साली फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलमध्ये होर्डिंग लागलं: बिकिनीतल्या जाड बाईचं चित्र, आणि देवमासे वाचवा, चरबी घटवा, शाकाहारी व्हा, अशा अर्थाची ओळ. २०१२मध्ये एक व्हिडिओ आला. मानेला पट्टा बांधलेली मुलगी लंगडत घरी निघालीय, कारण तिचा मित्र व्हिगन (दूध-अंडीही सोडणारा शाकाहारी) झाल्यापासून अंथरुणात आवरेनासा झालाय! हा विनोद होता. आता या दोन्हींत प्राणी शोधून दाखवा.

२०१०चं पोस्टर म्हणजे तुमच्या पोस्टरची आई. अभिनेत्री पामेला अँडरसन बिकिनीत, शरीरावर खाटकाच्या रेषा आणि नावं, आणि सगळ्या प्राण्यांचे अवयव सारखेच असतात अशी ओळ. कॅनडातल्या मॉन्ट्रियलमध्ये त्याच्या अनावरणाला शहराच्या अधिकाऱ्यांनी परवानगी नाकारली आणि कारण दिलं स्त्री-पुरुष समानतेचं. अश्लीलतेचं दिलं नाही, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. अँडरसन यांचं म्हणणं असं की एका बाईला राजकीय निषेधासाठी स्वतःचं शरीर वापरू न देणं ही खेदाची गोष्ट आहे. तेही सहज झटकून टाकण्यासारखं नाही. संमतीचा मुद्दा याच म्हणण्यावर उभा आहे, त्याकडे पुढे येते.

आधी चित्राचा तर्क तपासू. तर्क उत्तम आहे: गाईला बरगड्या आहेत, मलाही आहेत, तिचं मांस आणि माझं मांस यात फरक तो काय? हे म्हणायला कोणाचंही शरीर चालायला हवं. म्हणून मी अशा प्रत्येक लेआउटला एक चाचणी लावते. त्या तरुणीच्या जागी साठीचे, पोट सुटलेले एक काका ठेवा. बनियन काढून, त्याच पोजमध्ये, त्याच रेषा. ओळ तीच. मुद्दा पोचतो का? पोचतो, उलट जास्त थेट पोचतो, कारण बघणाऱ्याला पोटाखालची रेषा बघून अस्वस्थ व्हायला होतं. मग तरुणीने काय वाढवलं? जे वाढवलं ते मुद्द्याच्या बाहेरचं आहे. आणि काकांना त्या पोजमध्ये झोपवल्यावर हसू आलं असेल तर ते कशाचं आलं हेही विचारा. कुशीवर झोपणं, गुडघा दुमडणं, मान तिरकी करणं, खांद्यावरून मागे बघणं, या पोजेस जाहिरातीत बायकांच्याच वाट्याला येतात हे समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी १९७०च्या दशकात शेकडो जाहिराती समोर मांडून दाखवलं. पेटाच्याच 'इंक, नॉट मिंक' (मिंक हा फरसाठी मारला जाणारा प्राणी) या गोंदणाच्या मालिकेत डेनिस रॉडमनसारखे खेळाडूही उघडे आहेत. पण त्यांचं गोंदण त्यांनी निवडलेलं, त्यांचं, त्यांच्या नावासकट. रॉडमनच्या जागी दुसरा कुणी ठेवा, पोस्टर बदलतं. तुमच्या पोस्टरवरच्या मुलीच्या जागी दुसरी सडपातळ मुलगी ठेवा, काही बदलतं का?

चाचणी नेहमी एवढं स्वच्छ उत्तर देत नाही. स्पेनमधल्या पँप्लोनात रस्त्यावर बैलांपुढे धावण्याचा खेळ होतो, त्याआधी २००२ पासून कार्यकर्ते उघडेवाघडे होऊन रस्त्यावर धावायचे, प्लास्टिकची शिंगं लावून. त्यात पुरुष आणि बायका दोन्ही. प्लास्टिकच्या आवरणात, खोट्या रक्तात, मांसाच्या ट्रेमध्ये पडून राहण्याची निदर्शनंही अनेक देशांत होतात. सगळ्या वयांची, सगळ्या बांध्यांची माणसं असतील तर मला त्यात हरकत घ्यायला फारसं सापडत नाही. त्या ट्रेमध्ये निवडून फक्त विशीतल्या मुली ठेवल्या की बेत बदलला. म्हणजे निवड कोण करतं आणि कुठल्या निकषावर, तिथे बघायचं. आपल्याकडे जाहिरातींसाठी स्वनियमन करणाऱ्या 'ॲस्की'ने जून २०२२मध्ये लिंगभावाच्या साचेबद्ध चित्रणाबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांतही हाच धागा आहे: बघणाऱ्याला चाळवण्यासाठी कुणाच्याही, बाईच्या किंवा पुरुषाच्या, शरीराच्या भागांकडे लक्ष वेधू नये, विशेषतः विषयाशी त्याचा काही संबंध नसताना. तक्रार करा असं मी सुचवत नाहीये. बैठकीत तुमच्या बाजूने एक छापील, कोरडं, धंद्यातलंच वाक्य असलेलं बरं असतं.

आता संमती. संमतीने काही प्रश्न खरंच सुटतात. मॉडेलवर जबरदस्ती झाली नाही, तिला पैसे मिळाले, अंतिम चित्र तिने पाहिलं, सेटवर कोण असणार हे तिला माहीत होतं: हे सगळं असेल तर तिच्या आणि तुमच्यातला हिशेब चोख आहे. तिला दोष देण्याचा अधिकार तुम्हाला नाही, आणि कृपा करून बैठकीत तो सूर येऊ देऊ नका. पण पोस्टर तिच्याशी बोलत नाही, ते स्टँडवर उभ्या असलेल्या बाकीच्यांशी बोलतं. तिथल्या शाळकरी मुलीची संमती कुणी घेतलेली नाही. मॉडेलने स्वतःपुरता होकार दिला. बायकांच्या शरीराकडे असं बघायला हरकत नाही हे जाहीर विधान संस्था करते, आणि त्याचं उत्तर संस्थेनेच द्यायचं.

शिवाय पामेला अँडरसन यांची संमती आणि तुमच्या मॉडेलची संमती एकच आहे का? अँडरसन यांच्यामागे वकील होते, करार होते, आणि स्वतःच्या प्रतिमेवर दशकांचा ताबा होता. छोट्या संस्थांत बहुतेकदा मॉडेल म्हणजे कुणाची तरी मैत्रीण, नाहीतर नवी स्वयंसेविका असते. ग्रुपमध्ये सगळे जोशात असताना 'प्राण्यांसाठी एवढंही नाही करणार?' असं विचारलं गेलं तर तो होकार किती मोकळा असतो? आणि इंटरनेटवरचं चित्र मोहीम संपल्यावर परत घेता येत नाही. रस्त्यावरच्या निदर्शनांत तर माझा अनुभव सरळ आहे. मुलीला पानांच्या पोशाखात उभं केलं की गर्दी जमते, मोबाइल निघतात, आणि पुढचा वेळ इतर कार्यकर्त्यांचा तिच्याभोवती कडं करण्यात जातो. पत्रकं पिशवीतच राहतात.

उपयोगाच्या प्रश्नावर मी जरा जास्त थांबते, कारण बैठकीतल्या लोकांना हलवेल तो हाच. लक्ष वेधलं जातं, हे खरं आहे. पण आपल्याला लक्ष वेधून थांबायचं नाही. लोकांनी काहीतरी सोडावं अशी आपली मागणी आहे, आणि सोडायला लावणं हे विकण्यापेक्षा फार कठीण काम आहे. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३मध्ये नेमका हाच प्रश्न पेटाच्या जाहिराती घेऊन तपासला. पहिल्या प्रयोगात ८२ पुरुष विद्यार्थी. कामुक चित्रं बघून ते उत्तेजित झाले, पण संस्थेला पाठिंबा देण्याची त्यांची इच्छा साधी चित्रं पाहणाऱ्यांपेक्षा कमी भरली. दुसऱ्या प्रयोगात २८० स्त्री-पुरुष, तिथेही तेच. कारण म्हणून त्यांना जे सापडलं ते बैठकीत सांगाच: बघणाऱ्यांच्या मनात त्या बायका 'कमी माणूस' ठरत होत्या, आणि तिथेच पाठिंबा गळत होता. म्हणजे चित्राने आधी बाईबद्दलची आस्था घटवली आणि मग प्राण्याबद्दल आस्था मागितली. हे दोनच प्रयोग आहेत आणि त्यांवर सगळं जग तोलू नये. पण 'चालतं ना!' असं म्हणणाऱ्याकडे यापेक्षा भक्कम काय आहे, हे विचारायला तुम्हाला पूर्ण मोकळीक आहे.

यावर ते फरचं उदाहरण देतील. फेब्रुवारी २०२०मध्ये पेटाने 'उघडी राहीन' मोहीम थांबवली, आणि काम फत्ते झालं असंच सांगितलं. फर मागे पडली हे खरंच. पण ती कशाने पडली? ब्रिटनने फर-फार्मवर बंदीचा कायदा २०००मध्ये केला. फार्ममधली चोरून टिपलेली दृश्यं वर्षानुवर्षं फिरत होती. गुची या फॅशन कंपनीने २०१७मध्ये फर सोडत असल्याचं जाहीर केलं, कॅलिफोर्नियाने २०१९मध्ये नव्या फरच्या विक्रीवर बंदीचा कायदा केला. यातला किती वाटा पोस्टरचा हे कुणालाच वेगळं काढता येणार नाही. एक गोष्ट मात्र सांगता येते. त्या पोस्टरवरच्या सर्वात प्रसिद्ध चेहऱ्यांपैकी एक, सुपरमॉडेल नेओमी कॅम्बेल, १९९७मध्ये मिलानला फर घालून रॅम्पवर चालली. शरीर उसनं घेतलं की मतही सोबत येतंच असं नाही.

भारतातलं बघायचं तर सौंदर्यप्रसाधनांच्या प्राण्यांवरच्या चाचण्या २०१४मध्ये बंद झाल्या, मिंक-कोल्ह्याच्या फरची आयात जानेवारी २०१७मध्ये. अशा निर्णयांमागे पर्यायी चाचण्यांची माहिती, फायली आणि मंत्रालयातले हेलपाटे असतात. माझं आवडतं उदाहरण डॉल्फिनचं. कोचीसारख्या ठिकाणी डॉल्फिनचे खेळ सुरू करायचे प्रस्ताव होते. प्राणिसंस्थांनी मोहीम केली, आणि मे २०१३मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने परिपत्रक काढून ते थांबवलं. त्या परिपत्रकात डॉल्फिनकडे मानवेतर 'व्यक्ती' म्हणून पाहावं आणि त्यांना स्वतःचे हक्क असावेत असं म्हटलंय. सरकारी कागदावर डॉल्फिन व्यक्ती झाला, आणि आपण पोस्टरवर बाईची वस्तू करायला निघालोय. हे मी बैठकीत म्हटलं असतं, आणि थोडं खवचटपणेच म्हटलं असतं.

तुमचा प्रेक्षक कोण, हेही कुणी विचारलेलं दिसत नाही. घरात काय शिजतं हे आपल्याकडे बहुतेक ठिकाणी बायकाच ठरवतात. भटक्या कुत्र्यांना रोज खाऊ घालणाऱ्या, मांजरांची नसबंदी करून आणणाऱ्या, रात्री जखमी गाढव बघायला जाणाऱ्या तुमच्याकडे कोण आहेत ते मोजा. सोसायटीत कुत्र्यांना खायला घालणाऱ्या बाईला कुठल्या भाषेत शिव्या पडतात हे तुम्हाला मी सांगायला नको. त्या शिव्या कुत्र्यांबद्दल नसतात, तिच्या चारित्र्याबद्दल असतात. त्याच बाईने तुमचं पोस्टर तुमच्या नावाने सोसायटीच्या फलकावर लावावं अशी तुमची अपेक्षा आहे. ती लावेल?

तर बैठकीत सुरुवात स्त्रीवादापासून करू नका. तुम्ही बरोबर असाल, पण पहिल्याच मिनिटाला छावण्या पडतील. आधी ब्रीफ मागा, म्हणजे पोस्टरने काय साधायचं ते सांगणारा कागद. हे पोस्टर बघून माणसाने उद्या सकाळी नेमकं काय करावं, ते एका वाक्यात लिहून घ्या. नव्वद टक्के वेळा तिथेच शांतता पसरते. मग विचारा, चित्रात प्राणी कुठे आहे? त्यानंतर काका ठेवून बघा, खरंच, डिझायनरकडून तसा लेआउट करून घ्या. हसत-हसत जेवढं कळतं तेवढं वाद घालून कळत नाही. कुणी रागाने 'मग काय रक्त दाखवायचं?' म्हणेल. तेही नको. कत्तलखान्याचं रक्त बघून लोक मान फिरवतात, आणि होर्डिंगवाला ते लावूनही देत नाही. माझ्या कामात सगळ्यात जास्त चाललंय ते एकच जनावर, त्याला नाव, त्याची नजर कॅमेऱ्यात, आणि शेजारी काहीतरी करणारं माणूस. तुमच्याकडे जनावरांच्या डॉक्टर बाई असतील, ड्रेसिंग करणाऱ्या मुली असतील. त्यांना दाखवा. बाई पोस्टरवर नको असं म्हणणं नाहीच. ती काहीतरी करत असू दे, तिचं नाव खाली असू दे, आणि ओळ तिच्या तोंडची असू दे. सजावट म्हणून ती नको, बस्स.

तुमच्या बाजूने अचानक असे लोकही येतील ज्यांना पोस्टर 'आपल्या संस्कृतीत बसत नाही' म्हणून नको असतं. मतं हवीत म्हणून त्यांचा हात धरू नका. ते आज पोस्टर काढतील आणि उद्या तुमच्या स्वयंसेविका रात्री उशिरा कुत्री पकडायला का जातात हे विचारतील. पोलिसात किंवा बाहेर कुठे तक्रार करण्याच्या फंदातही पडू नका. ही घरातली बाब आहे, आणि वाद बाहेर गेला की पहिला त्रास त्या मॉडेललाच होईल.

पोस्टर रद्द करायचं ठरलं तर तो निर्णय ग्रुपवर टाकण्याआधी त्या मुलीला फोन करा. तुझ्या कामात खोट नव्हती, आमचं ब्रीफ चुकीचं होतं, असं स्पष्ट सांगा आणि ठरलेले पैसे द्या. फोटोच्या मूळ फाइल्स कुणाकुणाकडे गेल्यात याची यादी करा, व्हॉट्सॲपवर फिरलेल्या प्रती डिलीट करायला लावा, आणि डिझायनरने हे काम स्वतःच्या पोर्टफोलिओत टाकायचं असेल तर तिला विचारूनच टाकावं, असं ईमेलवर लेखी घ्या. फुकटात केलेल्या कामालाही करार लागतो. पुढच्या मोहिमेचं ब्रीफ लिहिताना हवं तर मला पाठवा, बघून देईन.